उधाणात फोन नाय

दुपारचे तीन वाजून पन्नास मिनिटं. खाडी काठोकाठ भरली आहे आणि पुष्पलता गुडघाभर पाण्यात उभी राहून बोटीवरून खाली दिलेली दुसरी पाटी डोक्यावर घेते आहे. पाटीत बोंबील आहेत. पाणी गळून मानेवरून पाठीत उतरतं, डिसेंबरात ते गार लागतं, पण तिला त्याचं काही वाटेनासं होऊन वर्षं झाली. पाटी वाळूवर ओतायची, परत फिरायचं. बोट रिकामी व्हायला अर्धा तास, मग निवडायचं, मग वलांडीवर वाळत टाकायचं. हे सगळं पावणेसहाच्या आत उरकायला हवं. पावणेसहाला तिला फोन करायचा आहे.

आज पंचमी. तिथीची पाऊणपट केली की दिवसातल्या दोन्ही भरत्यांची वेळ निघते, हा या किनाऱ्यावरचा जुना हिशोब. पाच पाऊणे पावणेचार. मिनिटाला मिनिट तो जुळतो असं नाही. वारा, हंगाम यांनी थोडा मागेपुढे होतो. पण तारापूरच्या दक्षिणेला, अणुकेंद्राच्या कॉलनीपासून रिक्षानं वीस मिनिटांवर खाडीच्या तोंडाशी जी मच्छीमारांची वस्ती आहे, तिचं घड्याळ तेच. ओहोटीला खाडीत चिखल उघडा पडतो, तेव्हा बोट आत येऊच शकत नाही. बोट आली की बायकांचा दिवस सुरू होतो, मग ती पहाटे येवो की दुपारी. रोज पाऊण तास पुढे सरकणारा दिवस.

पुष्पलताचा नवरा कमलाकांत डोलीची बोट चालवतो. डोल म्हणजे समुद्रात खुंटाला बांधलेलं लांब पिशवीसारखं जाळं. पाण्याच्या ओढीनं ते भरतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओढ जोरात असते, ते उधाण. तेव्हा मासळीही भरपूर. अष्टमीच्या सुमाराला पाणी मंदावतं, तो भांग. भांगाला हातांना विसावा मिळतो.

बोंबील निवडून झाले की खरं काम. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. बांबूंच्या उभ्या चौकटीवर आडव्या दोऱ्या बांधल्या की झाली वलांडी. बोंबलाचे दात बारीक आणि आत वळलेले असतात. बोटं फुटतात. पुष्पलताच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची कातडी टाचेसारखी झाली आहे.

शेजारच्या वलांडीवर गोजराबाई असते. सत्तरी ओलांडलेली, हात अजून चालू, तोंड हातापेक्षा जास्त चालू.

"आज घाई दिसते गो," गोजराबाई म्हणते. "अकोल्याचा फोन?"

"पंचमी हाय ना."

"तुझी पोर तिकडं कापूस पिकवते आन तिथी तू मोजते. धन्य हाय."

पुष्पलता हसते आणि पुढची जोडी टाकते. तीन वर्षांपूर्वी याच गोजराबाईचे शब्द तिला असे हसण्यावारी नेता आले नव्हते.

*

तीन वर्षांपूर्वी तिच्या मुलीला, उन्नतीला, अकोल्याच्या शेतकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. तिनं जवळच्या कॉलेजांची नावंही भरली होती, पण मार्क जिथे पुरले तिथे जागा मिळाली. वस्तीत चेष्टा झाली ती व्हायचीच. मच्छीमाराची पोर, आणि ती शेती शिकायला जाणार, तीही जिथून समुद्र दोन्ही बाजूंनी लांबच लांब त्या गावाला. कमलाकांतनं एकच शंका काढली होती: "तिथं सुकट मिळतं का?" पुष्पलतानं त्यावर दोन पिशव्या भरल्या होत्या.

निघायचा दिवस भाद्रपदातल्या अष्टमीचा. गाडी बोईसरहून सकाळी अकराची, तिथून सुरत, सुरतेहून पुढे अकोला. घरापासून स्टेशन पाऊण तासाचं. पण अष्टमीला भरती सहाला पुरी होते आणि त्यानंतर बारापर्यंत ओहोटी. पाणी उतरताना चांगल्या कामाला घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, हे या घरात नवी बोट लोटताना पाळतात, नवरी न्यायला जाताना पाळतात. कॉलेजला पोर पाठवताना काय करायचं, हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण घरातून तसं कोणी गेलंच नव्हतं. कमलाकांत म्हणाला, "पाणी चढतंय तवरच निघू." साडेपाचला चढत्या पाण्यात तिघं घराबाहेर पडली आणि सव्वासहाला बोईसरच्या फलाटावर येऊन बसली. अकराच्या गाडीसाठी.

त्या फलाटावरची सकाळ पुष्पलताला अजून तुकड्यातुकड्यानं आठवते. कारखान्यांची रात्रपाळी सुटलेले लोक येत होते. एक कामगार उन्नतीच्या ट्रंकेशेजारी टेकला.

"किधर जाना है, चाचा?"

"अकोला. ग्यारा बजे की गाडी," कमलाकांत म्हणाला.

त्यानं फलाटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, तिघांकडे पाहिलं. "अभी तो साढ़े छह बजा है."

"मालूम हाय. पानी उतर रहा है ना."

तो माणूस आकाशाकडे पाहून रुळांवर पाणी शोधू लागला. उन्नती इतकी हसली की तिला ठसका लागला. नंतर तिघांनी डबा उघडला, मांदेलीची आमटी आणि तांदळाची भाकरी खाल्ली. परत भूक लागली, तेव्हा वडे आणले. कमलाकांत बाकावर आडवा होऊन झोपला. मायलेकींना बोलायला विषय उरला नाही, तेव्हा उन्नतीनं आईच्या हाताची बोटं घेऊन उगाच मोजली. शेवटी गाडी आली आणि दोन मिनिटांत गेलीही. सकाळभर फलाटावर ठाण मांडून बसलेल्या घराला तेवढीच दोन मिनिटं अपुरी पडली. ट्रंक आत ढकलण्यात गेली.

*

पहिले तीन आठवडे पुष्पलता तिला सुचेल तेव्हा फोन करायची. म्हणजे काम आटोपून हात धुतले की. वलांडी भरली, साबणानं दोनदा हात घासले, भिंतीला टेकून बसली की फोन. तो कधी पहाटे पाचला जायचा, कधी दुपारी चारला. एक दिवस दुपारी चारला आला की दुसऱ्या दिवशी आणखी पाऊण तास उशिरा.

उन्नतीच्या खोलीत मोनाली नावाची मुलगी होती, अकोला जिल्ह्यातल्याच एका खेड्यातली. पहाटेचा फोन वाजला की ती पांघरुणातून म्हणायची, "तुही माय झोपत नाही काय वं? का तुमच्याकडं सूर्य पहिले उगवते?"

"बोट आली असेल," उन्नती म्हणायची.

"बोटीले पहाटेच यायचं असते?"

"नाय गं. उद्या अजून उशिरा येईल."

मोनाली पांघरूण डोक्यावर ओढायची. पण एकदा तृतीयेचा फोन दुपारी सव्वाचारला मातीपरीक्षणाच्या तासात वाजला. सर वैतागले. "आईला सांग, वेळ ठरव म्हणावं एक." त्यांचं काही चुकलं नव्हतं. वर्गात खसखस पिकली आणि उन्नतीनं त्याच रात्री घरी सांगितलं: "आये, रोज आठलाच फोन कर. रात्री आठ. इथं सगळ्यांचे तसेच येतात."

पुष्पलताला ते पटलं. पटलं एवढंच नव्हे, आवडलं. रोज त्याच वेळी होणाऱ्या गोष्टींचं तिला पहिल्यापासून अप्रूप होतं, आणि त्याला कारण होतं पालघर.

दहावी झाल्यावर तीही शिकायला गेली होती. पालघरला, मावशीकडे, अकरावीला. आज एसटीनं तासाभराचा रस्ता, पण त्या वेळी वस्तीतल्या मुलीसाठी पालघर म्हणजे अकोलाच. मावशीचं घर स्टेशनच्या पूर्वेला होतं. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी कॉलेजची घंटा व्हायची. काल सातवीसला, आजही सातवीसला, उद्याही. पहिला आठवडा तिला ते खरंच वाटेना. पौर्णिमा असो, अष्टमी असो, घंटा आपली जागची हलत नाही. ती आणि मावशीची मुलगी रस्त्यात मीठ लावलेले आवळे खात जायच्या. संध्याकाळी मावशी दारात कंदील नव्हे, बल्ब लावायची आणि पुष्पलता त्या उजेडात बसून अभ्यास करायची, हाताला कसलाही वास नसताना. ते चार महिने तिला अजून वर्षासारखे मोठे आठवतात.

मग दिवाळीच्या आधी पालघरच्या बाजारात मासळी विकायला आलेल्या वस्तीतल्या बाईबरोबर निरोप आला. "तुझ्या आयनं सांगितलंय, बोंबील लागलाय. आठ दिवस येऊन जा." पुष्पलता पुस्तकांची ट्रंक मावशीकडे ठेवून आली. बोंबील फेब्रुवारीपर्यंत लागला. कोणी तिला जाऊ नको म्हटलं नाही, हेही खरं. हात कमी होते, रोज उद्या बघू म्हणत दिवस गेले. दोन वर्षांनी मावशीनं ट्रंक पाठवून दिली. ती अजून घरात आहे. तिच्यात जुन्या दोऱ्या असतात.

*

तर रात्री आठ. पुष्पलतानं मोबाइलमध्ये गजर लावून घेतला. गजर वाजला की ती हातातलं काम टाकून फोन करायची. पण आठला कधी बोट नुकतीच लागलेली असायची, कधी ती स्वयंपाकात, कधी पहाटेच्या भरतीला उठायचं म्हणून तासाभरापूर्वीच आडवी झालेली. "जेवलीस?" "जेवले." "बरी हाय?" "बरी हाय. तुमी?" "आमी बरी." फोन संपायचा. उन्नती वस्तीतलं काही विचारायची नाही आणि पुष्पलताला वाटायचं, पोर रुळली.

पोर रुळली नव्हती. दिवाळी दहा दिवसांवर आली तेव्हा आठच्या फोनवर तिनं सांगून टाकलं.

"आये, मी येते दिवाळीला."

"ये की."

"आठ दिवस येते. बोंबील लागलाय ना? तुला वलांडीवर हात देते. पुढचं मग बघू."

पुष्पलताच्या हातात तेव्हा उलथनं होतं. तव्यावरची भाकरी करपली. त्या आठवड्यात दोनदा हात कमी पडून माल वाळूवरच नरम झाला होता, पडेल त्या भावानं खताला द्यावा लागला होता. उन्नतीसारखे चलाख हात वस्तीत दुसरे नव्हते. ती आली असती तर सगळं सुरळीत झालं असतं. रोज उद्या बघू म्हणत.

"नको," पुष्पलता म्हणाली.

"काय नको?"

"येऊ नको. दिवाळीला नको. बोट वर काढली की ये."

बोट वर काढतात जूनमध्ये, पावसाळ्यातली मासेमारी बंदी लागली की.  पलीकडून फोन बंद झाला.

कमलाकांत जेवणावरून उठला. "सणाला पोटच्या पोरीला नको म्हणणारी आय आज बघितली."

"तिला यायचं नाय. तिला राहायचंय."

"मग राहील! आपल्या घरात भाकर नाय का?"

"भाकर हाय. भाकरच हाय ना," पुष्पलता म्हणाली. त्याला त्यातलं काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी वलांडीवर बातमी पोचली होती. गोजराबाई जोडी टाकता टाकता म्हणाली, "पोरीला शिकायला घातली का इकली गो?"

"इकली असती तर अंगावर सोनं नसतं का दिसलं?" पुष्पलता म्हणाली. बायका हसल्या. ती हसली नाही. घरी येऊन तिनं हात दोनदाऐवजी चारदा घासले.

त्यानंतर आठचा गजर रोज वाजला, फोन रोज गेला आणि रोज वाजून वाजून थांबला. उन्नती उचलत नव्हती. खुशाली कमलाकांतच्या मोबाइलवर दोन शब्दांत यायची. दिवाळीत उधाण होतं. अमावस्येच्या आगेमागे दिवसरात्र माल उतरला. पुष्पलतानं दारात एक पणती लावली आणि वलांडीवर गेली. रात्रभर तिच्या डोक्यात एकच होतं: आपण तिला तिथं ठेवली, का आपल्यापासून तोडली? पालघरला असताना तिची आई अशी म्हणाली असती, येऊ नको, तर तिला तरी काय वाटलं असतं? याचं उत्तर तिला पालघरच्या चार महिन्यांतल्या कुठल्याच दिवसात सापडत नव्हतं.

दिवाळी उलटून पंचमी आली. उधाण ओसरलं होतं. बोट पावणेचारला लागली, पावणेसहाला वलांडी भरली. तिनं हात घासले, भिंतीला टेकून बसली आणि काही न ठरवता, जुन्या सवयीनं, फोन लावला. आठ वाजायला सव्वादोन तास होते.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"आये? आज भरती पावणेचारला ना?"

"हो."

"आत्ताच भरलीस वलांडी."

"आत्ताच. तुला कसं कळलं?"

"पंचमी नाय का आज? पाच पाऊणे पावणेचार. किती माल?"

पुष्पलतानं माल सांगितला. कोण खलाशी आजारी आहे ते सांगितलं, डोलीत अडकलेल्या प्लॅस्टिकचं सांगितलं, गोजराबाईनं काय म्हटलं तेही सांगून टाकलं. उन्नती खूप हसली, फलाटावर हसली होती तशी. आठच्या फोनात यातलं काहीच येत नसे. तो फोन आईचा होता की गजराचा, तेच तिला कळत नव्हतं, असं ती नंतर म्हणाली. तिला आठला कळायचं नाही की बोट कुठे आहे, आई कुठे आहे, पाणी चढतंय की उतरतंय.

"तू कुठं हायस?" पुष्पलतानं विचारलं. मागे बैलाच्या घंटांचा आवाज होता.

"मोनालीच्या गावाला. दिवाळीची सुट्टी ना. कापूस वेचतोय आमी." ती थोडी थांबली. "बोंबलाचे दात बरे, आये. कापसाचं बोंड जास्त टोचतं."

"हाताला तेल लाव."

"लावलं. मोनालीच्या आईनं लावलं." मग, जरा खाली आवाजात: "तू पालघरहून आठ दिवसांसाठीच आली होतीस ना?"

"हां."

"आणि ट्रंक मागाहून आली."

"हां."

वलांडीवरचे बोंबील वाऱ्यानं हलत होते. 

*

नियम नंतर उन्नतीनंच केला. फोन भरतीच्या दोन तासांनीच. कॉलेजच्या तासांच्या वेळेत येत असेल तर त्या दिवशीची दुसरी भरती धरायची. आणि त्रयोदशीपासून द्वितीयेपर्यंत करायचाच नाही. "उधाणात फोन नाय. नाय आला की मला कळेल, माल हाय." अकोल्याच्या त्या खोलीत मग मोनालीलाही पाऊणकीचा पाढा येऊ लागला. फोन वाजला नाही की ती विचारायची, "आज पौर्णिमा हाय काय वं?"

जूनमध्ये बोट वर काढली, ताडपत्रीनं झाकली, आणि चौथ्या दिवशी उन्नती आली. पुष्पलताच्या हाताला काम नव्हतं, त्यामुळे उन्नतीच्या हातालाही नव्हतं. ती पहिले दोन दिवस झोपली. मायलेकी केळव्याच्या नारळीतून पायी हिंडून आल्या, पालघरला जाऊन मावशीला भेटल्या. कॉलेजवरून जाताना पुष्पलतानं घंटा अजून सातवीसलाच होते का ते फाटकावरच्या शिपायाला विचारलं. आता घंटा नव्हती, वेळही बदलली होती. जुलै संपताना, पाणी चढत असताना, उन्नती पुन्हा निघाली. या वेळी गाडी भरतीच्या सोयीची होती. फलाटावर तिघांना जेमतेम वीस मिनिटं मिळाली. कमलाकांतला ती फार कमी वाटली.

आता ती शेवटच्या वर्षाला आहे. या सहामाहीत अकोल्याजवळच्या एका गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करते. फोन येतात, पण आखूड असतात. तिकडे तिला माणसं हाका मारत असतात, इकडे रात्री मालाची गाडी यायची असते. पहिल्या वर्षातले फोन लांब होते. पुष्पलता कधी कधी त्या वर्षाबद्दल असं बोलते, जणू अकोल्याला उन्नतीबरोबर तीही राहिली होती. कमलाकांत म्हणतो, "रडत होतीस तेव्हा." ती म्हणते, "हो. पण तेव्हा बोलत होतो."

साडेपाच. वलांडीची शेवटची दोरी उरली आहे. गोजराबाईची तिच्याआधी भरली, आणि ती न बोलता येऊन या दोरीला हात लावते. दोघी समोरासमोर जोड्या टाकत जातात. बोट खाडीत आडवी झोपू लागली आहे. पाणी बरंच उतरलं आहे.

"मी टाकते, तू हात धू," गोजराबाई म्हणते.

पुष्पलता नळावर दोनदा हात घासते, भिंतीला टेकते आणि फोन लावते. दोन घंट्या होतात.

"बोल आये. पावणेसहा. वेळेवर."

बोलणं सहा-सात मिनिटं चालतं. बोंबील, तूर, गोजराबाईची कंबर. तिकडून कोणीतरी उन्नतीला हाक मारतं. ती म्हणते, उद्या बोलू. पुष्पलता म्हणते, उद्या बोलू.

उद्या षष्ठी. सहा पाऊणे साडेचार; बोट साडेचारला खाडीत शिरेल. फोन साडेसहाला.